एकोणिसावा आलेला बेळगावकर

१९२० साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने जिंकली. त्याच्यामागून अठरा मिनिटांनी बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले याने रेषा ओलांडली. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, क्रमांक एकोणिसावा. त्या दिवशीचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडा अधिकच. भारतातून गेलेला दुसरा धावपटू सदाशिव दातार याला शर्यत पुरी करता आली नाही. आपल्याकडे खेळाचा इतिहास पदकांवरून लिहिला जातो, आणि त्या हिशेबात एकोणिसाव्या क्रमांकाला फार तर एक ओळ मिळते. बेळगाव-निपाणी पट्ट्याचा इतिहास मात्र त्या ओळीपासूनच वाचायला हवा, असे माझे ठाम मत आहे. शिखराच्या अलीकडे थांबलेल्या माणसांनी जे शिकून ठेवले, तेच इथल्या खेळाचे खरे भांडवल आहे. पदके हे त्या भांडवलावर अधूनमधून मिळालेले व्याज.

चौगुले अँटवर्पला कसा पोहोचला, हे यासाठी पाहण्यासारखे आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. शेतकऱ्यांची पोरे रणरणत्या उन्हात, खडबडीत वाटेवरून अनवाणी धावत होती, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. हे पाहून टाटांनी ऑलिंपिकला चमू पाठवायचे मनावर घेतले. मुंबई इलाख्यातल्या बेळगावचा हा तरुण त्या चमूत निवडला गेला. त्याच्याबरोबर गेलेला पैलवान रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथा आला, म्हणजे पदकाच्या अगदी उंबऱ्यावरून परतला. पदक कोणालाच मिळाले नाही. पण आपण जगाच्या किती मागे आहोत, हा तोवरचा निव्वळ अंदाज होता. अँटवर्पनंतर त्याला मिनिटा-सेकंदांचे माप मिळाले. चार वर्षांनी पॅरिसला पुन्हा भारतीय चमू गेला आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते.

हीच गोष्ट कुस्तीत अधिक ठळकपणे दिसते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. लाल मातीत वाढलेला हा मल्ल गादीला आणि तिथल्या नियमांना नवखा होता. आपल्या मातीत पाठ लागली की निकाल. तिथे एकेका गुणाचा हिशेब. लंडनने त्यांना नेमके काय कमी पडते ते दाखवले. पुढची चार वर्षे त्यांनी त्यावर घालवली. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते सहाव्या क्रमांकाच्या शाळेत शिकून मिळाले आहे. आणि घर गहाण टाकणाऱ्या माणसाने तरी कशावर भरवसा ठेवला होता? हाती दाखला म्हणून एक सहावा क्रमांकच तर होता.

यावर कोणी म्हणेल, हेलसिंकीला पदक मिळाले म्हणून लंडनचे कौतुक. न मिळते तर? या शंकेचे उत्तर तालमीच्या रचनेतच आहे. पहाटे जोर-बैठका, मग हौदात लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. एक पठ्ठा जत्रेच्या मैदानासाठी तयार करायचा तर रोज त्याच्या अंगावर येणारे, पाठ मातीला लावून घेणारे आणि पुन्हा उठून शड्डू ठोकणारे पाच-दहा जोडीदार लागतात. त्यांची नावे इनामाच्या यादीत कधीच येत नाहीत. त्यांच्यातलाच एखादा पुढे वस्ताद होतो, आणि हरलेला माणूस चांगला वस्ताद होतो याला कारण आहे. अंगात उपजत रग असणाऱ्याला डाव कसा बसतो ते सांगता येतेच असे नाही. ज्याचा पट शंभरदा निसटला, त्याला तो कुठे निसटतो ते ठाऊक असते. निपाणीपासून जवळच्या, चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले. १९५९ साली ते पहिले हिंदकेसरी झाले. त्याच्या तीन वर्षे आधीच, १ नोव्हेंबर १९५६ ला, त्यांचे गाव म्हैसूर राज्यात गेले होते. नकाशावर रेघ पडली, पण तालमीची वाट मोडली नाही. कन्नड गावात तालमीला गरडी म्हणतात. हौदातली माती दोन्हीकडे तीच. गदा एकाच्या खांद्यावर आली, पण तिच्यासाठी किती जोडीदारांच्या पाठी मातीला लागल्या असतील!

याहून कठीण आक्षेप पोटाचा आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकऱ्याच्या किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्याच्या घराला परवडत नाही. पोराची शाळा सुटते, पंचविशीत गुडघा जातो आणि हातात काहीच उरत नाही. अशा घराला ‘पोरगा शिस्त शिकला’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याचा रोख स्वप्न पाहणाऱ्या पोरावर नको, त्याला एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेवर हवा. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. पुढे संस्थाने गेली आणि तो आधारही गेला. त्याच्या जागी तेवढ्या मायेने दुसरे काही उभे राहिले नाही. खुद्द खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. तरीही वाट निघू शकते, याचा पुरावा बेळगावातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातल्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत मुलांना खेळाबरोबर शाळा मिळते आणि वय झाल्यावर सैन्यात भरतीची वाट असते. तिथल्या ज्या मुलाला पदक मिळणार नाही, त्याचा विचार आधीच केलेला आहे. गावच्या तालमीत तो कोणीच करत नाही.

दुसरा दोष तालमीचा स्वतःचा. तिने पिढ्यान्‌पिढ्या मुलींना दाराबाहेर ठेवले, म्हणजे निम्म्या गावाला हे शिक्षण नाकारले. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदोतून पुढे आली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात तिने कांस्यपदक मिळवले. गावाकडच्या मुलीत ही रग नसते, असे म्हणायला आता कोणाला तोंड नाही.

सीमाभागातल्या गावकऱ्यांना आणि तालीम मंडळांना एक कळकळीची विनंती. तालमीच्या भिंतीवर विजेत्यांच्या तसबिरी आहेतच. त्यांच्याखाली वस्तादांची आणि जोडीदारांची नावे वर्षांसह लिहून काढा. सांगणारी म्हातारी माणसे गावात अजून आहेत. येत्या जत्रेच्या आत त्यांच्याकडे जाऊन बसा.