दुखण्याची सुई : पिंगळीतले चोवीस तास

परभणी–पूर्णा लोहमार्गावर परभणी सोडलं की पिंगळी हे छोटं स्टेशन लागतं. खाली मांडलेला दिवस या गावातल्या कुणा एका मुलाचा नाही. हिमोफिलियाच्या उपचारात ज्या चुका वारंवार होतात आणि त्यांचे जे परिणाम डॉक्टरांना ठाऊक आहेत, ते एकाच घरात, एकाच दिवसात लागोपाठ घडले तर काय होईल, ते तासागणिक दाखवलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीतला, वजन ५० किलो. आजार हिमोफिलिया ए, तीव्र स्वरूपाचा. म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ त्याच्या शरीरात एक टक्क्याहूनही कमी.

रविवार, पहाटे ५.३० (उरले २४ तास)

डाव्या गुडघ्यात मुंग्या येतात. आत काहीतरी कोमट झिरपतंय असं वाटतं. सूज नाही, दुखणंही फारसं नाही. कुठे पडलं-झडलं नव्हतं. तीव्र हिमोफिलियात त्याची गरजही नसते. असे रुग्ण ही शिरशिरी ओळखतात, हा मुलगाही ओळखतो. पण उद्या पेपर आहे आणि माय-बाबांना पुन्हा धावपळ करायला लावायची त्याला लाज वाटते. तो कूस बदलतो.

या आजारात रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, थांबायचं मात्र नाव घेत नाही. फॅक्टर शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्या दोन तासांत, शिरेतून द्यावं असं जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. ते दोन तास आता सुरू झाले.

सकाळी ७.३० (उरले २२ तास)

दोन तास संपले. गुडघा गरम, ताठ. सांधा म्हणजे बंद पिशवी. रक्त साचतं तसा आतला दाब वाढतो आणि आवरण ताणलं जाऊन ठणका लागतो. गुडघा किंचित वाकवला की आत जागा थोडी वाढते, म्हणून पाय आपोआप वाकतो.

"माय, लई ठणकायलंय."

आजी तेल कोमट करून चोळते, वर फडक्याने शेकते. तिच्या मायेला तोड नाही. पण शेकल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चोळल्याने रक्त अधिक झिरपतं. हवा होता फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. पायाखाली उशी आणि पूर्ण विश्रांती.

सकाळी १०.०० (उरले साडेएकोणीस तास)

फॅक्टर मिळतं ते केंद्र दूर, त्यात आज रविवार. मुलगा कळवळतो आहे. बाबा त्याला मोटरसायकलवर बसवून जवळच्या दवाखान्यात नेतात. हिमोफिलियाचं कार्ड घरी पेटीतच राहतं. घाईत आजाराचं नाव सांगायचं राहून जातं आणि तिथे कुणी विचारतही नाही. "एक सुई देऊ, लगेच आराम पडेल."

डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, उजव्या कुल्ल्यात.

त्या एका सुईत दोन घाव आहेत. पहिला औषधाचा. फॅक्टर नसलेल्या शरीरात रक्त अडवायला प्लेटलेटचीच पहिली फळी उरते आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं तीच कमजोर करतात. दुसरा घाव सुईचा. खोल स्नायूत छिद्र पडलं आणि ते बुजवायला आत काहीच नाही. हिमोफिलियात स्नायूतलं इंजेक्शन टाळायचं, हा नियम फार जुना आहे.

वाईट म्हणजे, आराम खरंच पडतो. मुलगा घरी येऊन झोपतो. घराला वाटतं, संकट टळलं.

दुपारी २.०० (उरले साडेपंधरा तास)

जाग येते ती ठणक्यानेच. गुडघा नारळाएवढा झाला आहे.

असंच दुखणं ऑक्टोबर १९१२ मध्ये पोलंडातल्या स्पाला इथे रशियाच्या आठ वर्षांच्या युवराज अलेक्सेईने सोसलं. रक्त मांडीत आणि जांघेत साचलं होतं. नावाजलेले डॉक्टर उशाशी होते, पण फॅक्टर नावाची गोष्ट जगात नव्हती. पोर वाचलं, पण त्याचा डावा पाय कित्येक महिने सरळ झाला नाही. त्याचा आजार हिमोफिलिया बी होता, हे २००९ मध्ये अवशेषांच्या डीएनए तपासणीतून कळलं. राजवाड्याकडे सगळं होतं, औषध तेवढं नव्हतं. आज औषध आहे. महाराष्ट्रात सरकारी केंद्रांतून ते मोफतही मिळतं. पिंगळीच्या पोराला अडवतं ते अंतर, रविवार आणि आजूबाजूचं अज्ञान.

संध्याकाळी ६.३० (उरले ११ तास)

आता उजव्या कुल्ल्यावर बसवत नाही. जागा टणक, कातडी तकाकलेली. "सुईची गाठ असंल," म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. कुल्ल्याचा स्नायू मोठा, भरपूर रक्त पोटात घेतो आणि बाहेर पत्ता लागू देत नाही. त्याच्याखालूनच सायटिक नस पायाकडे जाते.

रात्री ११.०० (उरले साडेसहा तास)

उजव्या तळपायाला मुंग्या. पहाटेच्या मुंग्या रक्ताच्या होत्या, या दबलेल्या नसेच्या आहेत. चेहरा पांढुरका, नाडी जलद. दुकानातून आणलेली दुखण्याची आणखी एक गोळी दिली जाते, तीही त्याच जातीची. १०८ ला फोन करायची वेळ हीच होती. घर म्हणतं, "सकाळी बघू."

सोमवार, पहाटे २.०० (उरले साडेतीन तास)

उजव्या पायाचा अंगठा वर उचलत नाही. आता १०८ येते. माय पेटीतून कार्ड काढते. परभणीत ते वाचणारे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : "फॅक्टर किती वाजता दिलं?" कुणीच उत्तर देत नाही. धावपळ सुरू होते. फॅक्टर आठ मिळेपर्यंत रक्तपेढीतलं क्रायो (क्रायोप्रेसिपिटेट हा रक्तघटक) हिमोफिलिया ए ला चालतं. हिमोफिलिया बी ला ते निरुपयोगी, त्याला प्लाझ्मा लागतो.

पहाटे ५.३० (शून्य)

फॅक्टर शिरेत गेलं आहे, रक्त थांबेल. पण डावा गुडघा वाकलेला आहे आणि उजवं पाऊल घोट्यातून लोंबतं आहे. दबलेली नस सावरायला महिने लागतात आणि ती पूर्ण सावरेलच असं नाही.

या चोवीस तासांत कुणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला मुलाचं दुखणं थांबवायचं होतं. पण हिमोफिलियात दुखणं थांबवायचं तर आधी रक्त थांबवावं लागतं. तिथे खरं वेदनाशामक फॅक्टरच.

हिशेबही सोपा आहे. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोमागे दिलं की रक्तातली पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. ५० किलोच्या मुलाला १००० युनिट दिले की ती ४० टक्क्यांच्या आसपास जाते. बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी असते. त्यात सोबतचं पाणी सोडायचं, जोरात न हलवता अलगद फिरवायचं आणि शिरेत सावकाश द्यायचं. जोडीला बर्फ, विश्रांती आणि पॅरासिटामॉल. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रामाडॉल किंवा सेलेकॉक्सिबसारखं औषध, तेही आजार माहीत असलेल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. सूज उतरली की फिजिओथेरपी, नाहीतर पुन्हा पुन्हा भरलेला सांधा झिजतो आणि दुखणं कायमचं मुक्कामाला येतं.

जगात १९७० च्या दशकापासून कुटुंबं शिकून घरीच फॅक्टर देतात. आपल्याकडेही शिकवलेल्या घरांना एक-दोन डोस फ्रिजमध्ये ठेवायला मिळाले पाहिजेत. एमिसिझुमॅबसारखं कातडीखाली द्यायचं प्रतिबंधक औषध गावापर्यंत आलं पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वात जागा दिली आहे, पण पाऊल लोंबल्यावर मिळणाऱ्या दाखल्यापेक्षा पहाटे साडेपाचला हाताशी असलेली बाटली मोलाची आहे. ती येईपर्यंत गावातल्या प्रत्येक दवाखान्यात सुई भरण्याआधी एक प्रश्न विचारला जावा : "रक्त थांबत नाही असं कधी झालं आहे का?"