यंत्र बंद पडले, उघडायचे कोणी? मुंबईतील संगणकदुरुस्तीची सहा दशके

१/१३
घाटकोपरच्या एखाद्या घरात डेस्कटॉप चालता चालता बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो आणि दहा मिनिटांनी निळा पडदा दाखवतो. बाजूचे झाकण काढून आत पाहावे, हे आज कोणालाही सुचते. मुंबईत हे झाकण उघडण्याचा हक्क सामान्य माणसापर्यंत पोहोचायला मात्र बराच काळ लागला. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/१३
आरंभ १९६० चा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने घडवलेला ‘टिफ्रॅक’ कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. ज्यांनी यंत्र जोडले, तेच त्याचे दोष शोधत.

३/१३
निर्वात नलिका तापतात, झिजतात आणि ऐन गणिताच्या मध्यावर दगा देतात. त्या पिढीतील यंत्रांसाठी जगभर एक युक्ती रूढ होती : देखभालीच्या वेळी विद्युतदाब मुद्दाम थोडा वरखाली करायचा. दणकट नलिका तग धरत, कमकुवत नलिका चुकत. बिघाड होण्यापूर्वीच गुन्हेगार हाती लागे.

४/१३
उपनगरात पवई येथे १९५८ साली आयआयटी स्थापन झाली, तीही युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने. तेथे ‘मिन्स्क–२’ हा सोव्हिएत संगणक आला. टिफ्रॅक आणि मिन्स्क यांतला फरक मोलाचा आहे. एकाचा आराखडा मुंबईतल्याच माणसांच्या डोक्यात होता; दुसऱ्याचा हजारो मैलांवर.

५/१३
कंपन्यांच्या कचेऱ्यांत मात्र आयबीएमचे राज्य होते. तिची ‘१४०१’ यंत्रे बहुधा भाड्याने मिळत. यंत्राची मालकी आयबीएमची, अभियंताही आयबीएमचा. यंत्र अडले की ग्राहकाने निरोप धाडायचा आणि वाट पाहायची. परदेशात वापरून झालेली यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने दिली जातात, ही टीकाही पुढे तीव्र झाली.

६/१३
१९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने परकीय भागभांडवलावर मर्यादा आणली. आयबीएमला संपूर्ण मालकी सोडायची नव्हती. १९७८ साली कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. राजकीय इतिहासात ही घटना स्वावलंबनाच्या वादात सांगितली जाते. संगणक विभागांपुढचा प्रश्न अधिक रोकडा होता : उद्या यंत्र बंद पडले, तर बोलवायचे कोणाला?

७/१३
उत्तराची तयारी आधीच सुरू झाली होती. १९७५ च्या अखेरीस ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’, म्हणजे सीएमसी, स्थापन झाले. १९७८ मध्ये देशभरातील आठशेहून अधिक आयबीएम केंद्रांची देखभाल तिच्याकडे आली. केवळ दुरुस्तीसाठी सरकारने कंपनी काढावी, यावरून त्या कौशल्याचे मोल कळते.

८/१३
आता इतिहासातली गंमत पाहा. १९८१ साली आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर आणला. घाईपोटी त्यात बाजारात मिळणारे सुटे भाग वापरले आणि विद्युतमंडलांचे आराखडेही छापून उपलब्ध केले. जिच्या यंत्राला ग्राहक हात लावू शकत नव्हता, तिनेच कोणालाही उघडता, जोडता आणि नकलता येईल अशी पेटी जगाला दिली.

९/१३
अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तू बनत होत्या, पण त्या निर्यातीसाठी. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली आणि देशी बाजार खुला होऊ लागला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन लोकलने परतायचे आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंडमध्ये ‘असेम्बल्ड’ पीसी जोडायचा, हा नवा व्यवसाय उभा राहिला.

१०/१३
या दुरुस्तीवाल्यांची रीत साधी आणि काटेकोर. आधी मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावरच यंत्र चालवायचे. मग एका वेळी एकच भाग जोडायचा किंवा बदलायचा. दोन भाग एकदम बदलले, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. पडदा काळा असेल, तर बीपचे आवाज मोजायचे.

११/१३
मुंबईच्या हवेने आपली भर घातली. दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्या मळतात. त्या खोडरबराने घासल्या की ‘मेलेला’ संगणक उठतो. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापून यंत्र बंद होते. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांची साथ आली. मदरबोर्डवरची फुगलेली टोपी पाहताच जाणकार निदान सांगत.

१२/१३
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यांवर पाणी शिरले आणि अनेक संगणक भिजले. अशा वेळी पहिला नियम धीराचा : यंत्र पूर्ण सुकेपर्यंत वीज द्यायची नाही. ओल्या मदरबोर्डला पाण्यापेक्षा घाईने दाबलेले बटण अधिक मारक ठरते.

१३/१३
आज रॅम बोर्डावरच डकवलेली आणि बॅटरी चिकटवलेली यंत्रे वाढत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. म्हणजे प्रश्न पुन्हा १४०१ च्या दारात आला. पैसे ग्राहकाने मोजायचे आणि आत पाहण्याची मुभा दुसऱ्याने द्यायची. टिफ्रॅकची नलिका आणि घाटकोपरची रॅम एकाच रीतीने तपासली जाते : एकेक संशयित वगळत. त्यासाठी झाकण मात्र उघडता यायला हवे.