महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रेक्षकवर्ग

महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रेक्षकवर्ग म्हणजे महाविद्यालयांच्या किंवा विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे सामने मैदानावर येऊन पाहणारा आणि त्या संघांना पाठिंबा देणारा विद्यार्थी, माजी विद्यार्थी व नागरिक यांचा समुदाय होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा समुदाय लाखांच्या घरात आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, तो फार लहान आहे. मात्र कोल्हापूरसारख्या शहरात तालीम संघांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते. त्यामुळे या विषयाचा विचार केवळ खेळाच्या लोकप्रियतेपुरता करून भागत नाही. संघ कोणाचा आहे, तो कोठे खेळतो आणि किती वेळा खेळतो, या तीन गोष्टींवर प्रेक्षकांची उपस्थिती मुख्यतः अवलंबून असते.

अमेरिकेतील परंपरा

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ ओळखला जातो तो लंबगोल चेंडूचा आणि हाताने खेळला जाणारा वेगळा खेळ आहे. महाविद्यालयीन संघांभोवती प्रेक्षकवर्ग कसा उभा राहतो, हे समजण्यासाठी मात्र त्याचेच उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना या परंपरेचा आरंभ मानला जातो. पुढे अनेक विद्यापीठांनी स्वतःची प्रचंड क्रीडागारे बांधली. मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर येथील क्रीडागार १९२७ मध्ये खुले झाले. त्याची आसनक्षमता १,०७,६०१ आहे आणि त्या गावाची लोकसंख्या साधारण सव्वा लाख. म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ दुसरे गावच तेथे वसते.

ही गर्दी जाहिरातीने जमलेली नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षे पाळलेल्या चालीरीती आहेत. संघ आपल्याच आवारात, ठरलेल्या हंगामात, बहुधा शनिवारी खेळतो. विद्यार्थ्यांसाठी प्रेक्षागारात स्वतंत्र भाग राखलेला असतो. विद्यापीठाचे वाद्यपथक, विशिष्ट घोषणा आणि रंग यांची शिकवण नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात मिळते. वर्षातील एक सामना माजी विद्यार्थ्यांच्या पुनरागमनाचा सोहळा म्हणून साजरा होतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ‘बारावा खेळाडू’ ही प्रथा प्रसिद्ध आहे. २ जानेवारी १९२२ रोजीच्या सामन्यात संघातील बरेच खेळाडू जायबंदी झाले असता ई. किंग गिल हा विद्यार्थी गरज पडल्यास मैदानात उतरण्यासाठी गणवेश चढवून सज्ज राहिला. त्याला प्रत्यक्ष खेळावे लागले नाही; पण त्या आठवणीखातर तेथील विद्यार्थी आजही संपूर्ण सामना उभे राहून पाहतात. आयोवा विद्यापीठात २०१७ पासून पहिला चतुर्थांश संपताच सारे प्रेक्षागार शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळते आणि खिडकीत उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवून अभिवादन करते. अशा गोष्टी कोणत्याही प्रसिद्धिपत्रकातून निर्माण करता येत नाहीत.

या परंपरेलाही ओहोटी लागलेली दिसते. २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांची सरासरी उपस्थिती सातत्याने घसरली. घरबसल्या दूरचित्रवाणीवर मिळणारे उत्तम चित्र, तिकिटांचे चढे दर, लांबलेले सामने आणि मोबाईलचे वेड ही त्याची कारणे सांगितली जातात. विद्यार्थी मध्यंतरानंतर निघून जातात म्हणून अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये मोबाईल अ‍ॅपद्वारे शेवटच्या सत्रापर्यंत थांबणाऱ्यांना गुण देण्याची योजना आणली. नेब्रास्का विद्यापीठाच्या क्रीडागाराची तिकिटे ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आली आहेत, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु अलीकडे हा विक्रम टिकवण्यासाठी उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेतली आहेत. तिकीट विकले जाणे आणि प्रेक्षक येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भारतातील स्पर्धारचना

भारतातील विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियोजन भारतीय विद्यापीठ संघ करतो. देशाची विभागणी चार विभागांत केलेली असून महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. विभागीय स्पर्धेतील वरच्या क्रमांकाचे संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतात. पुरुषांच्या फुटबॉलमधील विजेतेपदाला सर आशुतोष मुखर्जी यांचे नाव दिलेले आहे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांतही फुटबॉलचा समावेश होता.

या रचनेत गुणवान खेळाडू निवडले जातात. प्रेक्षकाला मात्र तीत जागा नाही. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरता बांधला जातो. स्पर्धेचे यजमानपद एखाद्या महाविद्यालयाकडे असते आणि दोन-तीन दिवसांत बाद पद्धतीने सर्व सामने उरकले जातात. जो संघ पहिलाच सामना हरतो त्याचा फुटबॉल त्या वर्षापुरता तेथेच संपतो. आपल्या महाविद्यालयाचा संघ आपल्याच मैदानावर खेळताना पाहण्याची संधी बहुसंख्य विद्यार्थ्यांना तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात एकदाही मिळत नाही. मग त्यांनी पाठिंबा द्यावा तरी कोणाला? विद्यार्थ्यांना खेळाची आवड उरली नाही, अशी तक्रार प्राध्यापकवर्गात नेहमी ऐकू येते. ती करण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे.

शालेय स्तरावर १९६० पासून सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा होतात. त्यांच्या जिल्हास्तरीय फेऱ्या महाराष्ट्रात ऐन पावसाळ्यात येतात, तेव्हा छत्रीखाली उभे राहणारे पालक हाच प्रेक्षकवर्ग असतो.

कोल्हापूर : तालीम हेच प्रेक्षागार

महाराष्ट्रात फुटबॉलला नियमित आणि निष्ठावान प्रेक्षक लाभला तो कोल्हापुरात. तेथील संघ महाविद्यालयांचे नाहीत, तर तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. मुळात कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमी पुढे पेठेच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनल्या. गणेशोत्सव, शिवजयंती, पूरग्रस्तांना मदत आणि फुटबॉल ही सारी कामे एकाच कट्ट्यावरून चालतात. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ यांच्यातील चुरस सर्वश्रुत आहे. यांखेरीज खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब इत्यादी संघांचे स्वतःचे समर्थक आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या संस्थेला छत्रपती घराण्याचा आश्रय लाभला असून वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा तीच भरवते. साखळीनंतर विविध चषकांच्या स्पर्धा होतात आणि हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो. सामने बहुतांशी राजर्षी शाहू स्टेडियमवर, दुपारनंतर, अल्प तिकिटात होतात.

या शहरात समर्थक घडवावा लागत नाही. तो पेठेत जन्माला येतो. पुढे तो कोणत्या महाविद्यालयात शिकतो याला फारसे महत्त्व उरत नाही. तालीम संघांतील कित्येक खेळाडू महाविद्यालयीन विद्यार्थीच असतात. तोच मुलगा महाविद्यालयाकडून खेळतो तेव्हा मैदान ओस असते आणि तालमीकडून खेळतो तेव्हा गॅलरी भरते. खेळाडू तोच, खेळही तोच. फरक आहे तो आपलेपणाचा. या शहराने अनिकेत जाधव याच्यासारखा खेळाडू दिला, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. दर चार वर्षांनी विश्वचषक सुरू झाला की कोल्हापुरातील चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे भव्य फलक उभे राहतात.

या पाठिंब्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ईर्ष्येपोटी शिवीगाळ, दगडफेक, हाणामाऱ्या आणि समाजमाध्यमांवरील चिथावणीचे प्रकार कोल्हापुरात वारंवार घडले आहेत. पोलीस बंदोबस्त वाढवणे, संघांवर कारवाई करणे, प्रसंगी सामने थांबवणे हे उपाय योजावे लागले. अशा वातावरणात स्त्रिया आणि लहान मुले मैदानापासून दूर राहतात. गर्दी वाढवताना तिचे वळणही ठरवावे लागते.

आवाहन आणि मोहिमा

प्रेक्षक वाढवण्यासाठी केलेल्या आवाहनाचा सर्वांत गाजलेला भारतीय प्रसंग मुंबईत घडला. १ जून २०१८ रोजी अंधेरी येथील मुंबई फुटबॉल अरीनामध्ये भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. तेव्हा प्रेक्षक होते अवघे अडीच हजार. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने ध्वनिचित्रफितीद्वारे लोकांना हात जोडून विनंती केली : टीका करा, शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या, असा तिचा आशय होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. आवाहनाचा परिणाम होतो हे यावरून दिसले. पण त्यामागे राष्ट्रीय कर्णधाराचे नाव होते आणि सामनाही दोनच दिवसांवर होता, हेही विसरता येत नाही.

त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या नावाने राज्यभर एकाच दिवशी विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवला आणि शाळांना चेंडू वाटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाला देशभरात १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक लाभले. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम हे त्यातील एक केंद्र होते. एका दिवसाच्या मोहिमेने चेंडूची ओळख होते; संघाची ओळख व्हायला हंगाम लागतो.

परभणी जिल्हा व मराठवाडा

मराठवाड्याला फुटबॉलचा वारसा नाही, हा समज अपुरा आहे. १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या काळात हैदराबाद हे भारतीय फुटबॉलचे एक प्रमुख केंद्र होते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. या संघाचे आणि पुढे १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि व्यवसायाने शिक्षक होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील विद्यार्थ्यांचे विद्यापीठही उस्मानियाच होते. राज्यपुनर्रचनेनंतर हा धागा तुटला तो तुटलाच.

आज जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना १९९४) संलग्न आहेत. कृषिशिक्षणासाठी परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) आहे. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचे फड आणि कबड्डीचे सामने येथे आजही माणसे जमवतात. महाविद्यालयाच्या मैदानावर ती येत नाहीत याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. जिल्ह्याची जमीन काळी, कसदार. पावसाळ्यात तिचा चिखल बुटाला धरून बसतो आणि उन्हाळ्यात तीच भेगाळते. मुरूम टाकून दबाई केलेले मैदान नसेल तर खेळणे जिकिरीचे आणि कडेला उभे राहणे त्याहून जिकिरीचे. विद्यापीठीय स्पर्धांचा काळ आणि सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी यांचा काळ जवळपास एकच असतो. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी तेव्हा रानात असतो. बाहेरगावचे विद्यार्थी एसटीने किंवा पूर्णा, सेलू, मानवत रोड या स्थानकांवरून रेल्वेने ये-जा करतात. चार वाजता सुरू होणारा सामना पाहायला थांबायचे तर गावाकडची गाडी चुकते. मुलींच्या बाबतीत ही अडचण निर्णायक ठरते.

म्हणून अशा जिल्ह्यात उपस्थिती वाढवण्याचे उपाय महानगरांहून वेगळे असावे लागतात. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून यजमान-पाहुणे पद्धतीची छोटी साखळी भरवणे, म्हणजे प्रत्येक संघाला वर्षातून निदान दोन-तीन सामने घरच्या मैदानावर मिळतात. सामना सकाळच्या तासिका संपल्यावर लगेच ठेवल्यास गाडी चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत सुगीची घाई ओसरलेली असते आणि ऊनही सुसह्य असते. कडेला लिंबाची सावली किंवा साधा मांडव, पिण्याचे पाणी, विद्यार्थिनींसाठी राखीव जागा आणि स्वच्छतागृह या सोयी भव्य उद्घाटनापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. राष्ट्रीय छात्र सेनेचे पथक, लेझीम, हलगी यांना सामन्यात स्थान देता येते. मराठीतून समालोचन करणारा एखादा वाक्पटू विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात असतोच. गावातील शाळांच्या मुलांना बोलावल्यास पुढच्या काही वर्षांचा प्रेक्षक तयार होतो. हजेरीची सक्ती करून मात्र मैदान भरू नये. सक्तीने आणलेला विद्यार्थी खेळाकडे पाठ करून बसतो, हे स्नेहसंमेलनातील भाषणांच्या वेळी सर्वांनी पाहिलेलेच आहे.

महिलांचे सामने

महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक मिळत नाहीत, हे गृहीतक ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने खोटे ठरवले. फुटबॉलच्या त्याच क्रीडागारात भरवलेल्या महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक उपस्थित होते. महाराष्ट्रात कोल्हापूर सिटी या महिला संघाने इंडियन विमेन्स लीगमध्ये भाग घेऊन तालमींच्या पुरुषी वर्तुळाबाहेर पाऊल टाकले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलच्या उपक्रमात पुढे मुलीही खेळू लागल्या. त्यांच्या कार्यावर आधारित ‘झुंड’ हा नागराज मंजुळे दिग्दर्शित चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

प्रेक्षकसंख्येची नोंद

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना तिकीट नसते आणि निकालपत्रकात सहसा धावता गुणफलक, खेळाडूंची नावे व पंचांच्या सह्या एवढेच असते. प्रेक्षकांची मोजदाद होत नसल्याने एखाद्या उपायाने उपस्थिती वाढली की घटली, हे सांगण्यास आधार राहत नाही. मध्यंतरात एका विद्यार्थ्याने वहीत आकडा टिपून ठेवणे, त्यात विद्यार्थी, विद्यार्थिनी व गावकरी असे तीन रकाने करणे, एवढ्यावरही हे काम भागू शकते.