गोंडी नव्हे, गुंडी

रक्ततपासणीच्या अहवालावर ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडी’ असे वाचले की गोंदियाच्या माणसाची नजर दुसऱ्या शब्दावर अडते. गोंडांचा मुलूख आपला. रोगही इथलाच की काय? तसे नाही. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत निकोल आणि मान्सो यांना हा परजीवी उत्तर आफ्रिकेतल्या ‘गुंडी’ नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला. फ्रेंच लेखनात उकाराचा ओकार झाला, एवढेच.

आईकडून गर्भाला ही लागण होते हे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी दाखवले. त्यांच्यासमोरच्या मुलीला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झटके आले होते आणि महिन्याभरात ती दगावली. रक्तावरून निदान करण्याची पहिली भरवशाची चाचणी १९४८ची. ती बसवणारे साबिन पुढे पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीमुळे घरोघरी पोचले. १९७१ साली नाहमिआस यांनी गर्भाला बाधणाऱ्या अनेक संसर्गांना मिळून ‘टॉर्च’ हे सुटसुटीत नाव दिले. नाव सोपे झाले आणि चाचणी सरसकट झाली, असे मला वाटते.

फ्रान्समध्ये १९७८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण तिथली रीत नीट पाहावी. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच रक्त तपासतात. जिला पूर्वी लागण झालेली नाही तिचीच पुढे दरमहा तपासणी होते. पूर्वी होऊन गेलेली बाई उलट सुरक्षित समजली जाते. आपल्याकडे सर्वांसाठी असा कार्यक्रम नाही. गर्भ गेल्यावर एकदाच रक्त घेतले जाते, आणि ‘पॉझिटिव्ह’ आले की कारण सापडले असे धरतात.

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाजवळच्या एका गावी अशी फाईल मी पाहिली. दोन गर्भ गेलेले. सासूबाई म्हणाल्या, “हिच्या रक्तातच खोट हाये, भाऊ.” धानाच्या कोठीतल्या उंदरांसाठी पाळलेली मांजर केव्हाच दूर सोडून आले होते. मांजर आयुष्यात बहुधा पहिल्या लागणीनंतर दोनेक आठवडेच विष्ठेतून रोगबीज टाकते. कच्चे राहिलेले मटण, न धुतलेली भाजी आणि मातीचे हात यांची भीती जास्त.

फाईलीत आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह होते. आयजीएम ताज्या लागणीची खूण मानतात, पण ती वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ रक्तात राहते. लागण जुनी की नवी हे ओळखायला १९८९ साली फिनलंडमध्ये ‘अ‍ॅव्हिडिटी’ चाचणी निघाली. आयजीजीची पकड घट्ट असेल तर लागण किमान चार महिन्यांपूर्वीची. जुनी लागण वारंवार गर्भ जाण्याचे कारण ठरत नाही.

त्या फाईलीत हिमोग्लोबिन होते, सिकलसेलची नोंद होती. अ‍ॅव्हिडिटीचा कागद नव्हता. सुरुवातीच्या महिन्यांतला टॉक्सोप्लाझ्माचा अहवालही नव्हता. सुनेने तो एकच कागद घडी करून वेगळा ठेवला होता, माहेरी दाखवायला.