उत्पन्नाच्या दाखल्याचा इतिहास



घोडबंदरच्या किल्ल्याचा इतिहास कुणालाही विचारा. पोर्तुगीजांनी बांधला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला. खाडीकाठी फिरायला आलेला माणूस एवढं ऐकून समाधानानं घरी जातो. पण किल्ल्याच्या आसपासच्या आपल्या घरांत दरसाल ॲडमिशनच्या दिवसांत एका वेगळ्याच कागदावर वाद चालतो. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी बापाचं उत्पन्न किती लिहायचं? या कागदालाही इतिहास आहे. तो कुणी शिकवत नाही, म्हणून मी लिहितोय. मी गिरणीतला माणूस. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं.

सुरुवात जोतिबांपासून करू. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी सरकारलाच हिशोब विचारला. महसूल येतो शेतात राबणाऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या पोरांवर, हे कसं काय? म्हणजे उत्पन्नाचा प्रश्न पहिल्यांदा आपण सरकारला विचारला. सरकारनं आपल्याला नाही. हे ध्यानात ठेवा.

साठ वर्षांनी तोच प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. १९४२ साली ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी लिनलिथगोसाहेबाला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकारी खजिन्यातून लाखांनी अनुदान मिळतं, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी काय? विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिकायला त्यांनी पैसा मागितला. त्यातून १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. वर्षाला तीन लाख रुपये. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच. बाबासाहेबांनी ती गरिबांसाठी दया म्हणून मागितली नव्हती. ज्यांना शतकानुशतकं शाळेच्या बाहेर ठेवलं त्यांची ती वसुली होती.

स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी.ची सवलत आली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ. त्यातून बहुजनांची पोरं शिकली, हे आपण मोकळेपणानं कबूल करू. तिथं उत्पन्न पाहणं साहजिक होतं, कारण सवलतच गरिबीसाठी होती. पण उत्पन्नाची अट आपल्या शिष्यवृत्तीलाही चिकटली. जातीचा दाखला होताच, त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची जोड मिळाली. त्यात आपण १९५६ ला बुद्धाकडे गेलो तर केंद्रानं सवलती तोडल्या. महाराष्ट्रानं १९६० नंतर राज्याच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० उजाडलं. फॉर्मवर आजही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असं छापतात. त्या एका ओळीमागं चौतीस वर्षांची लढाई आहे.

आता आकडे बघा. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१० साली दोन लाख झाली, २०१३ साली अडीच लाख. २०२१ ला नवी नियमावली आली, तिच्यातही अडीच लाखच. आठ वर्षांत तेल, डाळ, खोलीचं भाडं कुठल्या कुठं गेलं, मर्यादा जागची हलली नाही. दरम्यान २०१९ साली सवर्णांतल्या आर्थिक दुर्बलांना आरक्षण मिळालं. त्यांच्या दुर्बलतेची मर्यादा किती? आठ लाख. एकाच देशात एकाचा बाप आठ लाखांपर्यंत गरीब आणि आपला बाप अडीच लाखांवर श्रीमंत.

हा अडीच लाखांचा श्रीमंत कोण ते पाटीपेन्सिल घेऊन काढा. आई घरकामाला, बाप बांधकामावर. दोघांना रोजी पाचशे-पाचशे. महिन्याचे सव्वीस दिवस काम धरलं तर एकाचे वर्षाला १,५६,००० होतात. दोघांचे ३,१२,०००. संपलं, शिष्यवृत्ती गेली. आई घरी बसली असती तर पोराला शिष्यवृत्ती होती! केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक गंमत आहे. आयकरात माफ असलेला पगारदाराचा घरभाडे भत्ता उत्पन्नातून वगळतात. नाक्यावर उभं राहणाऱ्याला भत्ता कुठला? तो खोलीचं भाडं खिशातून भरतो, ते कुणी वगळत नाही.

आणि पगाराची चिठ्ठी तरी कुठली? मुकादम रोख देतो, पावसात काम बंद पडतं. मग उत्पन्न ठरतं अंदाजानं. अर्ज भरून देणारा दलाल सांगतो, "वर्षाला चोवीस हजार टाक, डोळे झाकून पास होतंय." चोवीस हजार म्हणजे महिन्याला दोन हजार. दोन हजारांत मीरा-भाईंदरमध्ये खोलीसुद्धा मिळत नाही. पण आपण भ्यालेलो असतो. जास्त लिहिलं तर पोराचं कॉलेज जाईल या भीतीनं बाप मान हलवतो.

कार्यकर्त्यांनो, ही भीती आपण मोडायची. चोवीस हजार लिहा की दोन लाख चाळीस हजार, अडीच लाखांच्या आत शिष्यवृत्ती तेवढीच मिळते. खोटं लिहून एक पैसा जास्त येत नाही. उलट खोटी माहिती उघडी पडली तर शिष्यवृत्ती रद्द होते, दिलेला पैसा वसूल करतात. शिवाय त्या खोट्या आकड्यातून आपल्या बापाची खरी मजुरी सरकारी दप्तरातून पुसली जाते. उत्पन्न अडीच लाखांवर गेलं तरी दार बंद होत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. निर्वाह भत्ता जातो, फी माफ राहते. हे किती घरांना माहीत आहे? आई-बापांपैकी एक जरी हयात असेल तर केंद्राच्या त्याच नियमांप्रमाणे कमावत्या भावाचं उत्पन्न धरायचं नाही. तरी कुणीतरी भावाची कमाई जोडतं आणि पोराचा अर्ज बाद होतो. दाखला पंधरा दिवसांत देणं सेवा हक्क कायद्यानं बंधनकारक आहे. कायदा २०१५ चा आहे. अर्जाची पावती मागून घ्या, तारीख बघा, उशीर झाला तर अपील करा.

जयंतीला वर्गणी काढतो, कमान उभी करतो, ते करूच. पण ॲडमिशनच्या दिवसांत प्रत्येक वस्तीत एक टेबल मांडा. दोन शिकलेली पोरं बसवा. घरटी मजुरी किती, कामाचे दिवस किती, भाडं किती, हे वहीत लिहून काढा. घोडबंदर, चेणा, काशीमिरा, सगळीकडच्या वह्या जमवा. मग ती वही घेऊन समाजकल्याणच्या साहेबाकडे जाऊ आणि जोतिबांसारखा हिशोब विचारू. आमचं उत्पन्न हे. तुमचा अडीच लाखांचा आकडा कुठल्या बाजारातून आणला?

जयभीम.