बाळंतिणीजवळ कोणाला बसवावे?



गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची धाकटी बहीण घरी आली. परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झालेला, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलेले, आणि तालुक्याच्या गावच्या एका प्रसूतिगृहातून मुलाखतीचे बोलावणे आलेले. पहिलीच नोकरी. म्हणाली, "सर, तिथे काय विचारतील हो?" आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. नाळ कुठे आणि कशी बांधतात, तेसुद्धा मला धड सांगता यायचे नाही. तिला चहा पाजला, धीर दिला आणि वाटेला लावले. पण तिचा प्रश्न मागे उरला. बाळंतिणीजवळ कोणाला बसवावे, हे पूर्वी कसे ठरत असे?

खेड्यात सुइणीची मुलाखत कोणी घेत नसे, आणि तशी गरजही नव्हती. कोणाच्या हाताला यश आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक. आईच्या मागे लेक, सासूच्या मागे सून अशी ही विद्या चाले. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मांग समाजातल्या स्त्रिया सुईणपण करीत, अशी नोंद जुन्या ग्रंथांत आढळते. गंमत बघा, किंवा गंमत कसली, आपल्या समाजाची लाजच म्हणा. एरवी जिची सावली चालत नसे, तिच्याच हातात घराण्याचा वंश पहिल्याप्रथम पडे. विटाळाचे काम विटाळलेल्यांनी करावे, असा तो हिशेब. तिचे कसब लोकांना हवे असे. तिला मान मात्र नको असे.

आता थोडे दूर, व्हिएन्ना शहरात जाऊ. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बायका. दोहोंची इमारत एक, हवापाणी एक. तरी १८४६ साली पहिल्या विभागात शंभरामागे अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत! शहरातल्या गोरगरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. "आम्हांला सुइणींच्या बाजूला टाका हो," म्हणून त्या हातापाया पडत. कित्येकींना वाटेतच बाळंत होणे बरे वाटे.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर या कोड्यामागे लागला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक सहकारी वारला. प्रेत चिरताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून त्याला जखम झाली होती. मरताना त्याची जी अवस्था झाली, ती हुबेहूब बाळंतज्वराने जाणाऱ्या बायकांसारखी. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विद्यार्थी प्रेते चिरून तसेच उठत आणि बाळंतिणींना तपासायला येत. शिकाऊ सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. त्याने मे महिन्यापासून नियम केला, की क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणी बाईला शिवायचे नाही. एप्रिलमध्ये शंभरामागे १८ मृत्यू झाले होते. जूनमध्ये ते सुमारे २ वर आले. १८४८ च्या मार्च महिन्यात तर एकही बाई गेली नाही. आणि त्याचे बक्षीस काय? "सभ्य गृहस्थाचे हात घाण कसे असतील?" या थाटात मोठमोठ्या विद्वानांनी त्याला झिडकारले. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जंतूंचे शास्त्र तेव्हा कुठे पायावर उभे राहत होते.

एवढ्या मोठ्या इस्पितळात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत शिकाऊ सुईण सुरक्षित ठरली, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. मुले हसतात, मुली गप्प बसून ऐकतात.

फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात खेड्यापाड्यांसाठी सुइणी तयार करणारी शाळा काढली होती. बाळंतज्वराचा शिरकाव झाला आणि १८६७ साली ती बंद करावी लागली. बाई हट्टी खऱ्या, पण आकड्यांपुढे हट्ट करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ठिकठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले, आणि प्रसूतिगृहापेक्षा घरी बाळंत होणाऱ्या बायका अधिक जगतात, असे स्वच्छ मांडले.

म्हणजे इस्पितळाची भीती घेणारी आपली आजी अगदीच अडाणी नव्हती.

आपल्या देशात मद्रासच्या प्रसूतिगृहात १८५४ पासून सुइणींचे शिक्षण चालू झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला, १८८६ मध्ये मुंबईचे कामा इस्पितळ उघडले. त्याच वर्षी आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून एम्. डी. होऊन परतली. तिचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. पदवीसाठी तिने निबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली. पण ती पहिली नोकरी तिच्या नशिबी नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात वारली.

इमारती उभ्या राहिल्या, पण बायका आणायच्या कुठून? इथे पुण्याचे नाव घ्यावे लागते. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि १९११ पासून ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. रमाबाई स्वतः विधवा. फळे-फुले घेऊन ससूनमधल्या रुग्णांना भेटायला जात, त्यामुळे आतली परिस्थिती त्यांना माहीत होती. त्या काळची मुलाखत आजच्या उलट होती, असे मला वाटते. उमेदवार मुलगी उत्तरे देत नसे. तिच्या घरची माणसेच प्रश्न विचारीत. परजातीच्या बाईचे रक्त हाताला लागणार का? रात्री कुठे राहायचे? जेवण कोणाच्या हातचे? परपुरुषाशी बोलावे लागेल का? अशा वेळी नुसत्या व्याख्यानाने काम भागत नाही. राहायला वसतिगृह हवे, पाठीशी मान्य बाई हवी. सेवासदनाने दोन्ही दिले. पदरात मूल आणि घरात आश्रिताचे जिणे, अशा कितीतरी विधवांना स्वतःच्या कमाईचा पहिला रुपया या वाटेने दिसला. मला विचाराल तर, कित्येक सभांच्या ठरावांपेक्षा त्या रुपयाने अधिक सुधारणा केली.

पुढचे सारे कागदोपत्री झाले. इंग्लंडात १९०२ साली सुइणींचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये परिचारिका, सुइणी आणि आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा आला, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा. आळीने दिलेल्या प्रशस्तिपत्राच्या जागी शिक्का आला. पण शिक्क्याने हात धुतले जात नाहीत, म्हणून मुलाखत राहिलीच.

ती मुलगी पंधरा दिवसांनी पेढे न घेताच आली. निकाल लागायचा होता. मी विचारले, "काय विचारले गं?"

म्हणाली, आत गेल्याबरोबर वयस्क मॅट्रनबाईंनी कोपऱ्यातले बेसिन दाखवले. "आधी हात धुऊन ये." आणि स्वतः उठून शेजारी उभ्या राहिल्या. हिने घड्याळ काढले, बांगड्या काढल्या, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, मनगट असे सावकाश धुतले. मग प्रश्न आला : वार पडली आहे, रक्त थांबत नाही, डॉक्टर वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. काय करशील? ही म्हणाली, आधी मोठ्याने मदतीला हाक मारीन, पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करीन, ठरलेले इंजेक्शन आणि सलाईन चालू करीन, लघवी काढून घेईन, वारेचा तुकडा आत राहिला का ते बघेन. "आणि रक्त किती गेले, ते कसे सांगशील?" डोळ्यांनी घेतलेला अंदाज कमीच भरतो, म्हणून भिजलेले कपडे वजन करीन, १ ग्रॅम म्हणजे सुमारे १ मिलिलिटर. यावर मॅट्रनबाईंनी पहिल्यांदा मान हलवली.

शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तेवढ्यात विचारले, "लग्न कधी करणार?" शंभर वर्षांपूर्वीचे प्रश्न अजून खुर्ची सोडत नाहीत! ती जराशी थांबली आणि म्हणाली, "रात्रपाळी करायची माझी तयारी आहे, साहेब." गृहस्थ कागद चाळू लागले.

महिन्याभराने तिच्या भावाचा फोन आला. नेमणूक झाली होती, आणि पहिलाच आठवडा रात्रपाळीचा. पहिल्या रात्री तीन बाळंतपणे झाली, दोन मुली आणि एक मुलगा. पहाटे ती एवढेच म्हणाली, की साबणाने हाताची कातडी सोलवटली आहे, येताना खोबरेल तेलाची बाटली घेऊन ये.