नाशिकचा खटला आणि अटकेतील हक्क

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या आणि शहरात धरपकड सुरू झाली. मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमावाचून आरोपीस २४ तासांहून अधिक कोठडीत ठेवू नये, पोलिसांपुढील कबुली पुरावा मानू नये, हे दंडक तेव्हाही कायद्यात होतेच. परंतु १९०८ च्या विशेष कायद्यान्वये नाशिक कटाचा खटला ज्यूरीवाचून तीन न्यायाधीशांपुढे चालला. जे सरकारने द्यावे, ते सरकारनेच काढून घ्यावे, अशी ती स्थिती होती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने मात्र अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा व प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटापुढे नेले जाण्याचा मूलभूत हक्क दिला. प्रतिबंधक स्थानबद्धतेस त्यातून वगळले आहे, हेही सुज्ञांनी विसरू नये.